हुणसेकेरेचा गाळ

मथुराक्काच्या शेजारी पंगतीला बसायला कुणी तयार नसे. आणि नसणारच की! वाढप्यानं पानात भाजी टाकली की ही बाई बोटानं ती उलटीपालटी करणार, नाक मुरडणार आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारणार, "हळद कुठली? एवढी पिवळीधमक? शिसं घातलंय बघ त्यात." मग पालकावर घसरणार. पालक कुठल्या नाल्यावर वाढला, त्या नाल्याच्या वरच्या अंगाला कसले कारखाने, आणि तो खाऊन तुमच्या मूत्रपिंडाचं काय व्हायचं, हे सगळं भात संपेपर्यंत. शेजारचा बिचारा हात धुवून उठायचा.

तिचं पूर्ण नाव मथुरा बेडकिहाळे. निपाणीच्या बाजूची. घरात मराठी, शाळा कानडी, कॉलेजात रसायनशास्त्र, आणि मग जन्मभर बंगळूर. यशवंतपूरला एका खाजगी प्रयोगशाळेत ती पाण्यामातीतले जड धातू शोधायची. शिसं, क्रोमियम, कॅडमियम, निकेल. लोक बोअरचं पाणी घेऊन यायचे, ते बहुतेकदा कोल्ड्रिंकच्या जुन्या बाटलीत, तळाशी अजून गोड पाक चिकटलेला. मथुराक्का ती बाटली दोन बोटांत धरायची, मेलेला उंदीर धरावा तशी, आणि परत द्यायची. "पाणी तपासायचंय की सरबत? जावा." अशानं गिऱ्हाइकं तुटतात, हे मालकानं तिला सांगून पाहिलं. मालकाला वाणिज्य शाखेची पदवी होती. त्याचं ती काय ऐकणार, डोंबल!

लग्न झालं नाही. तरुणपणी एक मुलगा बघायला आला होता, तो गमतीनं म्हणाला, रसायनशास्त्र म्हणजे काय, एका अर्थी स्वयंपाकच की. "मग चहा तूच टाक जा," असं म्हणून ही उठून गेली. तेव्हापासून आईनं नाद सोडला.

जगावर एवढा राग धरून बसलेल्या या बाईचा एकच हळवा कोपरा होता. तिच्या धाकट्या बहिणीची मुलगी अंजली नोकरीसाठी बेळगावहून आली आणि एचएसआर लेआउटात संसार थाटून राहिली. तिला आर्या नावाची पाच वर्षांची मुलगी. दर रविवारी मथुराक्का दोन बस बदलून शहराच्या या टोकाहून त्या टोकाला जायची, ती आर्यासाठी. आर्यानं रंगीत खडूनं भिंत रंगवली तरी हिला कौतुक. खडू मात्र हिनंच आणून दिलेले असायचे, आधी तपासून.

तर अशा बाईकडे एक दिवस मकरंद आला.

मकरंद पुण्याचा. कुठल्याशा मोठ्या कंपनीत लोकांच्या मीटिंगा लावून द्यायच्या नि त्यात स्वतः बोलायचं, असलं काहीतरी काम करायचा. दाढी राखलेली, पायात महागाचे बूट, आणि अंगात पोपटी टी-शर्ट, त्यावर छापलेलं: 'हुणसेकेरे परिवार'. लेआउटच्या मागं हुणसेकेरे नावाचं जुनं तळं आहे. ते साफ करायचा विडा या मंडळींनी उचलला होता. मंडळी म्हणजे सगळी पुण्या-मुंबई-नागपूरकडची, मराठी मंडळातली, आठवडाभर संगणकाला डोळे लावून बसणारी आणि रविवारी सकाळी निसर्ग आठवणारी. हातमोजे घालून प्लास्टिकच्या पिशव्या गोळा करायच्या, मग इडली खायची, मग फोटो.

खोटं कशाला बोला, राबली मात्र पोरं. ऑफिसांचे उंबरे झिजवून सांडपाण्याचा नाला त्यांनी बाजूनं वळवून घेतला. पाण्यावर तरंगते वाफे सोडून त्यात वाळा लावला. कारंजी बसवली. दीड वर्षात वास गेला, पाणकोंबड्या आल्या. आता त्यांना जगाला सांगायचं होतं की तळं शुद्ध झालं.

"काकू, आम्हाला हेवी मेटल्सची टेस्ट हवी आहे," मकरंद म्हणाला. "म्हणजे ॲक्च्युअली आम्हाला माहितीये क्लीन आहे. फक्त ऑफिशियल पाहिजे."

"माहितीये, मग आलास कशाला?" मथुराक्का म्हणाली.

तो हसला. हसणाऱ्या माणसाचा तिला भारी तिटकारा. तरी ती नमुने घ्यायला स्वतः गेली, कारण दुसऱ्यानं भरलेल्या बाटलीवर तिचा विश्वास नव्हता. तळ्यावर पोपटी टी-शर्टांचा घोळका होता. हिनं बाटली बुडवली की तिकडून फोटो. हिनं झाकण लावलं की टाळ्या. पाणी खरोखर नितळ होतं. मग तिनं काठावरचा एक बांबू उचलला आणि तळाशी रोवून उपसला. टोकाला काळाकुट्ट गाळ आला, लोण्यासारखा मऊ, वर तेलकट तवंग.

"हे बघितलंस?" तिनं मकरंदाला विचारलं.

"गाळ ना? तो तर नॅचरलच असतो, काकू. रिपोर्ट फक्त पाण्याचा लागेल."

मथुराक्कानं त्याच्याकडे एकदा वरपासून खालपर्यंत बघितलं. या तळ्याच्या वरच्या अंगाला वर्षानुवर्षं मुलामा चढवायच्या शेड होत्या, जुन्या बॅटऱ्या फोडणारी दुकानं होती. ते सगळं बंद झालं, माणसं विसरली. पण धातू काही सांडपाण्यासारखा वाहून जात नाही. तो पाण्यातनं खाली बसतो आणि गाळाला धरून राहतो. वर कितीही कारंजी उडवा. एवढी साधी गोष्ट या पदव्यांच्या भेंडोळ्यांना ठाऊक नव्हती, आणि ठाऊक करून घ्यायची इच्छाही नव्हती. उथळ पाण्याला खळखळाट फार! तिनं एका बरणीत मूठभर गाळ भरला आणि पिशवीत टाकला. कुणी सांगितलं नव्हतं. पण मूर्ख किती मूर्ख आहेत ते नेमकं कळल्याशिवाय तिला चैन पडत नसे.

पाण्यात काही सापडलं नाही. गाळ वाळवला, चाळला, आम्लात उकळला आणि यंत्राला दिला, तर शिशाचा आकडा यंत्राच्या आवाक्याबाहेर गेला. नमुना पुन्हा पुन्हा पातळ करून द्यावा लागला, तेव्हा कुठं मोजता आलं. क्रोमियम तसंच. कॅडमियम तसंच. मथुराक्का खुर्चीत मागं रेलली. "बघ की!" ती स्वतःशीच म्हणाली, आणि तिला बरं वाटलं. हो, बरं वाटलं. विष सापडल्याचं दुःख नाही, आपण बरोबर निघाल्याचं सुख! असल्या सुखाला काय म्हणावं?

सांगायचं नव्हतं असं नाही. फेब्रुवारीत परिवाराचा समारंभ होता, शाल-नारळाला हिला बोलावलं होतं. हॉलकडे जाताना बसमध्ये तिनं वाक्यं जुळवली होती. गाळाला हात लावू नका, उपसायचाच तर तज्ज्ञांकडून, तो धोकादायक कचऱ्याच्या जागीच नेऊन पुरावा लागेल. नेटकी, मुद्देसूद वाक्यं. अंजलीही आर्याला घेऊन समोर बसली होती.

सूत्रसंचालन करणारी बाई मुंबईची होती. मथुराक्का उठून माईकपाशी आली आणि म्हणाली, "स्वल्प माईक खाली करता काय? मला पोचंना झालाय." झालं. सूत्रसंचालिका टाळी वाजवत किंचाळली, "ऑ! काकूंची मराठी कित्ती क्यूट आहे ना!" सगळा हॉल हसला. मकरंद हसला. पहिल्या रांगेतली एक बाई "पोचंना झालाय, पोचंना झालाय" असं घोळवून बघत होती. अंजलीही, खाली मान घालून का होईना, हसली.

मथुराक्काची कानशिलं तापली. ही मराठी तिच्या आईची होती. यांच्या मराठीत दर दुसरा शब्द इंग्रजी, आणि हसायचं कुणी कुणाला? ती माईकवर वाकली, "पाण्यात काही नाही," एवढंच म्हणाली आणि जागेवर जाऊन बसली. टाळ्या थांबेनात. नंतर मकरंदानं पुढचा टप्पा जाहीर केला, उन्हाळ्यात पाणी आटलं की गाळ उपसायचा. तेही तिनं ऐकलं. गार बटाटेवडा तसाच ठेवून ती बाहेर पडली. बसमध्ये मनाशी म्हणाली, विचारायला येऊ देत. अक्कल असेल तर येतील. नसेल तर जा म्हणावं खड्ड्यात.

कुणी आलं नाही. कशाला येतील? त्यांना उत्तर मिळालं होतं.

उन्हाळा गेला. गाळ उपसून बांधावर ढीग घातल्याचं अंजलीच्या बोलण्यातून तिला कळलं होतं. तिनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. ढिगाला कोण हात लावतंय, तिला वाटलं, लॉऱ्या येतील नि नेतील. आर्याला ताप येत नव्हता, खोकला नव्हता. थोडी चिडचिडी झाली होती, पोट दुखतं म्हणायची. मथुराक्कानं बाजारच्या भाज्यांना दोष दिला आणि यशवंतपूरहून आपल्या खात्रीची भाजी न्यायला लागली.

गणपतीच्या आधीच्या रविवारी ती अशीच पिशवी घेऊन गेली, तर अंजलीच्या दाराला कुलूप. शेजारच्या धनलक्ष्मीनं दारातूनच सांगितलं, "एल्ला केरे हत्तिर, अक्का." सगळे तळ्याजवळ. मथुराक्काला नवल वाटलं. अंजलीनं सांगितलं कसं नाही?

तळ्याकाठी मांडव घातला होता. आत सतरंज्या, आणि सतरंज्यांवर पोरंच पोरं, प्रत्येकाच्या पुढ्यात करड्या-काळ्या मातीचा गोळा. मांडवाच्या तोंडाशी भला मोठा फलक: 'आपल्या तळ्याची माती, आपला बाप्पा'. पूर्वी गावोगाव तळ्याच्याच मातीचा गणपती करत आणि तळ्यातच विरघळवत, ही मूळ परंपरा म्हणे मकरंदाला कुठंतरी वाचायला मिळाली होती. प्लास्टर नको, रासायनिक रंग नकोत, त्यात शिसं असतं! विसर्जन घरी बादलीत, आणि ती माती गच्चीवरच्या पालक-मेथीला. फलकाच्या कोपऱ्यात मथुराक्काचा फोटो होता, शाल पांघरलेला. खाली तिचंच वाक्य: 'पाण्यात काही नाही.'

आर्या दुसऱ्या रांगेत होती. कोपरापर्यंत हात माखलेले. तिनं सोंड वळवली, ती तुटली, तिनं बोट तोंडात घालून ओलं केलं आणि सांधा लिंपला. मग पुन्हा बोट तोंडात.

"हात काढ!" मथुराक्का ओरडली. पिशवी हातातून पडली. "आर्या, बोट काढ तोंडातनं! सगळ्यांनी हात काढा! उठा! कुणी करायला सांगितलं हे? कुठल्या गाढवानं?"

पोरं दचकली. आईबाप वळून बघायला लागले, आणि बघून त्यांच्या चेहऱ्यावर आलं ते हसू. काकू आल्या वाटतं! मकरंद हात पुसत पुढं आला. "काकू, या ना, बसा. तुम्ही तर आमच्या ब्रँड ॲम्बेसेडर!"

"अरे मूर्खा, शिसं आहे त्यात! मातीत शिसं आहे, क्रोमियम आहे!"

"काकू, मागच्या वेळी तुम्ही आमच्या तिळगुळातपण क्रोमियम काढलं होतं." हशा पिकला. मागून कुणीतरी म्हणालं, हळदीत पण. आणखी एक जण म्हणाला, माझ्या मुलाच्या डब्यात पण.

"पाणी क्लीन आहे म्हणजे माती क्लीनच असणार ना?" एक आई समजुतीच्या सुरात म्हणाली. "तुम्हीच तर सांगितलंत."

अंजली धावत आली आणि तिनं मथुराक्काचा दंड धरला. "मावशी, प्लीज. इथं तरी नको गं."

आणि पोरांनी पुन्हा हात मातीत घातले. आर्यासुद्धा. मथुराक्का बघत राहिली. घसा फोडून ओरडली असती तर लोक आणखी हसले असते. तिचं बोलणं म्हणजे पंगतीतली करमणूक, हे तिला तिथं उभ्या उभ्या कळलं. तीस वर्षं प्रत्येकाला मूर्ख म्हणत आल्यावर आज खरोखर सांगायचं होतं, तर तिचा शब्द कुणी घेईना. एकच गोष्ट उरली होती, आणि ती सांगण्यापेक्षा तो गाळ स्वतः गिळणं तिला सोपं गेलं असतं.

ती माईकपाशी गेली. माईक उंच होता. तो खाली करायला तिनं कुणाला सांगितलं नाही, टाचा उंचावून बोलली.

"मी हा गाळ तपासलाय. फेब्रुवारीच्या आधीच. शिसं इतकं होतं की मोजायला यंत्र पुरंना. मला माहीत होतं. मी सांगितलं नाही."

"का?" मकरंदानं विचारलं. त्याचं हसू अजून चेहऱ्यावरच होतं, काढायचं विसरल्यासारखं.

"तुम्ही मला हसलात म्हणून," मथुराक्का म्हणाली. "आणि तुम्ही सगळे मला बिनडोक वाटत होता म्हणून. विचारायला याल, मग सांगीन म्हटलं."

आता मात्र विश्वास बसला. तिचा राग खोटा वाटला होता, पण हा हलकटपणा खोटा कसा असेल? एका बापानं पोराला काखोटीला मारलं आणि नळाकडे धाव घेतली. मग सगळेच उठले. रडारड, ढकलाढकली. मथुराक्का माईकवरून सांगत राहिली, साबण लावा, वाहत्या पाण्याखाली धुवा, नखं घासा, कपडे वेगळे भिजवा, सांडलेली माती कोरडी झाडू नका, आधी ओली करा. यातलं एक अक्षर चुकीचं नव्हतं. फक्त अर्धं वर्ष उशीर झाला होता.

मकरंद आपली बाजू मांडेल, तिच्यावर तुटून पडेल, अशी तिची खात्री होती. तुटून पडला असता तर तिलाही चार शब्द सुनावता आले असते. पण त्यानं माईक घेतला आणि म्हणाला, "चूक माझी आहे. काकूंनी मला तळ्यावर गाळ दाखवला होता. मी बघितलं नाही." आईबाप त्याला नको नको ते बोलले, ते त्यानं ऐकून घेतलं. मग तो आणि आणखी दोघं-चौघं तयार मूर्ती उचलून ढिगाकडे नेऊ लागले, एकेक, दोन्ही हातांनी, सांभाळून. तेवढ्यात ताडपत्री आली आणि ढीग झाकायला सुरुवात झाली. तो बिनडोक माणूस तिच्याकडे येऊन फक्त एवढंच विचारून गेला, की आता सरकारदरबारी कुणाला कळवायचं आणि तुम्ही बरोबर याल का. मथुराक्कानं मानेनंच हो म्हटलं.

नळाशी अंजली आर्याची नखं जुन्या ब्रशनं घासत होती. आर्या रडत होती, तिला तिचा गणपती हवा होता.

"तू मला कळवलं कसं नाहीस?" मथुराक्का म्हणाली.

"हसली असतीस." अंजलीनं मान वर केली नाही. "जूनपासून हिचा इथं दर शनिवारी मातीकामाचा वर्ग आहे, मावशी. माती घरी पण आणते. खाते ती माती, चोरून. डॉक्टरांनी जंताचं औषध दिलं. तुला सांगितलं असतं तर तू मलाच अडाणी म्हणाली असतीस, म्हणून नाही सांगितलं."

मथुराक्का नळाच्या ओट्यावर बसली. पोटदुखी. चिडचिड. ती दर रविवारी समोर बसून बघत होती, आणि भाजी आणत होती.

"उद्या सकाळी तिला माझ्याकडे आण," ती कशीबशी म्हणाली. "रक्तातलं शिसं मी स्वतः बघते. आजच आण, मी लॅब उघडून घेते."

"नको."

"अंजू, वेळ घालवू नको. माझ्यासारखं अचूक इथं कुणी काढत नाही."

"अचूक काढशील गं," अंजली म्हणाली. तिनं ओढणीनं आर्याचे हात पुसले, एकेक बोट वेगळं करून. "पण आकडा वाईट आला, तर मला लगेच सांगशील, की मी विचारायला येईपर्यंत थांबशील? ते मला माहीत नाही, मावशी. म्हणून मी दुसरीकडे जाते."

तिनं आर्याला कडेवर घेतलं आणि रस्त्याकडे जाऊन रिक्षाला हात केला. मथुराक्का ओट्यावरून उठली, दोन पावलं गेली, आणि हाक मारायला तोंड उघडून तशीच थांबली. अंजलीच्या बोलण्यात तिला कुठंच चूक सापडत नव्हती.